बोक्याला आकडी आली: घरी काय करायचं आणि डॉक्टरकडे काय न्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. साडेतीन वर्षांचा देशी बोका, नसबंदी झालेली, फ्लॅटबाहेर जात नाही. पहाटे झोपेतच एकदम ताठ झाला, आडवा पडून हातपाय मारू लागला, तोंडाला फेस आला, जागेवरच लघवी झाली. मिनिटभरात थांबलं. मग अर्धा तास भिंतीला धडकत घरभर फिरला आणि समोर ठेवलेलं सगळं खाणं एका दमात संपवलं. सकाळी नेहमीसारखा. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. शेजारच्या काकूंनी कांदा हुंगवायला सांगितला, मेडिकलवाल्याने झोपेच्या गोळीचा पाव तुकडा सुचवला. घरात लहान मुलगी आहे आणि दुसरी मांजरीही आहे. ही फिटच का, पुन्हा आली तर काय करायचं, मुलीला धोका आहे का, आणि आता जन्मभर गोळ्या का?

हो, ही फिटच. हातपाय मारण्यापेक्षा त्यानंतरच्या अर्ध्या तासामुळे माझी खात्री पटली. झटका थांबला तरी मेंदू लगेच ताळ्यावर येत नाही. त्या वेळात मांजराला नीट दिसत नाही, ते घरच्यांना ओळखत नाही, येरझाऱ्या घालतं आणि पुष्कळदा अधाशासारखं खातं. हृदयाच्या दुखण्यामुळे चक्कर येऊन पडलेलं मांजर असं वागत नाही. ते लुळं पडतं, काही सेकंदांत उठतं आणि उठल्याबरोबर पूर्ण भानावर असतं. (पर्शियन किंवा मेन कून पाळणाऱ्यांनी हा फरक जरूर लक्षात ठेवावा, त्यांच्यात हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बराच आढळतो.) आतल्या कानाच्या बिघाडात मान एका बाजूला कलते, डोळे लयीत सरकत राहतात, पण मांजर शुद्धीत असतं. आणि स्वप्नात पंजे-मिशा हलत असल्या तर एका हाकेला ते डोळे उघडतं. तुमच्या बोक्याला झोपेतच झटका आला, हेही जुळतं. मांजरांच्या बऱ्याच फिट झोपेत किंवा निवांत पडलेलं असतानाच सुरू होतात.

तुमच्या बोक्याची फिट ओळखू येण्याजोगी तरी होती. मांजरांत दुसरा एक प्रकार फार चकवतो, आणि तुमच्याकडे दोन मांजरं असल्याने तो सांगून ठेवतो. लोक फोनवर व्हिडिओ दाखवतात आणि म्हणतात, ‘डॉक्टर, दाताचं काहीतरी दिसतंय.’ व्हिडिओत मांजर खिडकीत बसलेलं असतं. एका बाजूच्या मिशा थरथरायला लागतात, मग त्याच बाजूचा ओठ वर खेचला जातो, मग पापणी फडफडते. बाहुल्या मोठ्या झालेल्या, हनुवटीवरून लाळेची तार लोंबतेय, आणि हाक मारली तरी मान वळत नाही. अर्ध्या मिनिटाने ते ओठांवरून जीभ फिरवतं, खाली उडी मारतं आणि निघून जातं. ही मेंदूच्या एका भागापुरती फिट असते. कधीकधी ती मिशांवर न थांबता पळण्यात उतरते: बसल्या जागेवरून उठून मांजर सुसाट सुटतं, खुर्च्यांवर आपटतं, लाळ गाळतं. संध्याकाळी मस्तीत घर डोक्यावर घेणारं मांजर वळणं अचूक घेतं आणि कशावर आपटत नाही. शंका आली तर एकच गोष्ट पाहा. फिट दर वेळी जवळजवळ तशीच्या तशी होते, त्याच बाजूने, त्याच क्रमाने. खोडी, मस्ती, खाज यांना इतका ठरीवपणा नसतो.

आता पुन्हा आली तर. पहिलं काम म्हणजे वेळ पाहणं. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं, आणि माझे पुढचे सगळे निर्णय त्या मिनिटांवर अवलंबून असतात. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा म्हणजे वेळही कळते आणि मला बघायलाही मिळतं. दिवे मंद करा, टीव्ही बंद करा, पंखा चालू राहू द्या. बोका सोफ्याच्या कडेला, जिन्याजवळ, गॅलरीत किंवा पाण्याच्या बादलीपाशी असेल तर त्याला टॉवेलसकट ओढून मोकळ्या जमिनीवर आणा. तेवढंच. त्याला उचलून छातीशी धरू नका, घट्ट गुंडाळू नका, हातपाय दाबून धरू नका. दाबल्याने झटका थांबत नाही, उलट तुम्हाला नखं लागतात. तोंडात बोट, चमचा, कापड काहीही घालू नका. मांजर जीभ गिळत नाही. त्या जबड्यात बोट सापडलं तर मात्र सुळा हाडापर्यंत जाऊ शकतो.

बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. पाच मिनिटं उलटली तरी चालूच असेल, चोवीस तासांत दुसरी आली, किंवा एक संपून शुद्धीवर येण्याआधीच दुसरी सुरू झाली, तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठायचा. इतका वेळ चाललेल्या झटक्यात अंगाचं तापमान धोकादायक वाढतं आणि मेंदूला इजा होते; तिथे शिरेतून औषध देण्याला पर्याय नाही. निघण्यापूर्वी फोन करा, म्हणजे ते सुई भरून तयार राहतील. कॅरियरमध्ये टॉवेल अंथरा, गाडीत एसी लावा, अंग फार तापलं असेल तर पंज्यांना ओलं फडकं लावा, बर्फ नको. आपल्या भागात रात्रभर उघडा असणारा दवाखाना कोणता, हे आजच शोधून नंबर फ्रिजवर लावून ठेवा. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ साली सुरू झालेलं टाटांचं लहान प्राण्यांचं रुग्णालय चोवीस तास चालतं. लहान शहरांत ओळखीच्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवलेलं बरं.

झटका थांबल्यावर त्याला एका अंधाऱ्या, बंद खोलीत एकटं राहू द्या. सरळ चालायला लागेपर्यंत पाणी, दूध, खाणं काही नको. गिळण्यावर ताबा नसताना ते श्वासनलिकेत जातं. दुसऱ्या मांजरीला दार लावून वेगळं ठेवा, कारण फिटनंतरच्या बोक्याचा वास आणि वागणं तिला परकं वाटतं आणि एरवी एकाच ताटलीत खाणाऱ्या दोघांची जुंपते. घरच्यांपैकी कुणी चावून घेतलं असेल तर तेही बहुधा याच अर्ध्या तासात घडतं.

कांद्याबद्दल. हे माणसांच्या फिटवरच्या इलाजातून आलंय, कांदा नाही तर चप्पल. झटका मिनिटभरात थांबणारच असतो, त्यामुळे नाकाशी जे काही धरलेलं असतं त्याला श्रेय मिळतं. वासाने अपाय नाही, पण वेळ जातो, आणि कांदा पोटात गेला तर मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. झोपेच्या गोळीला मात्र माझा ठाम नकार आहे. अशा गोळ्यांतलं एक औषध म्हणजे डायझेपाम. ते आम्ही फिट चालू असताना शिरेतून किंवा गुदद्वारातून देतो आणि ते उत्तम काम करतं. तेच तोंडावाटे रोज दिल्यावर काही मांजरांचं यकृत थोड्याच दिवसांत निकामी होऊन ती दगावल्याच्या नोंदी आहेत. माणसाला आणि कुत्र्याला चालतं म्हणून मांजराला चालेल, हा हिशेब मांजराच्या यकृतापाशी चुकतो.

त्याच यकृतामुळे मी तुम्हाला पुढचा प्रश्न विचारतो: गेल्या महिन्या-दोन महिन्यांत बोक्याच्या अंगाला काय लावलंत? घरात काय फवारलंत? फिटवाल्या मांजराच्या मालकाला मी रक्ततपासणीच्या आधी हे विचारतो. कुत्र्यांच्या गोचीड-पिसवांसाठी मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्रा ते पचवतो. मांजराच्या यकृतात ते निकामी करण्याची यंत्रणा फार दुबळी असते, आणि कुत्र्याची एक पिपेट मांजराचा जीव घेऊ शकते. फिप्रोनिल हे पिसवांचं दुसरं औषध मांजराला चालतं म्हणून लोक निर्धास्त असतात, पण कुत्र्यांच्या काही ड्रॉप्समध्ये फिप्रोनिलच्या जोडीला परमेथ्रिनही असतं. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. गुरांच्या गोचिडांसाठी पाण्यात मिसळायचं डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन ‘चार थेंब टाकले तर काय होतंय’ म्हणून मांजराला चोळणारेही आहेत. मुंग्या-झुरळांच्या खडूतही याच कुळातली औषधं असतात. मांजर त्या रेघेवरून चालतं आणि मग पंजे चाटतं.

ही विषबाधा फिटपेक्षा थोडी वेगळी दिसते. कान फडफडतात, कातडीखाली स्नायू सतत नाचतात, पाय झटकत चालणं, स्पर्श केला की दचकणं. मांजर बऱ्याचदा शुद्धीत असतं आणि हे तासन् तास चालतं. त्यातच खरा झटकाही येतो. औषध लावल्यापासून काही तासांत सुरू होऊ शकतं, कधी दोन-तीन दिवसांनीही. झटका चालू नसेल तर घरीच कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या लिक्विडने मानेपासून शेपटापर्यंत दोनदा धुवा, कारण हे औषध तेलकट असतं, नुसत्या पाण्याने निघत नाही. गरम पाणी नको. कातडीतला रक्तप्रवाह वाढून औषध आणखी आत जातं. थंडही नको. मग कोरडं करून, उबदार गुंडाळून, औषधाचं खोकं बरोबर घेऊन निघा. वेळेत आलेली मांजरं दोन-तीन दिवसांच्या उपचारांनी बहुधा पूर्ण बरी होतात, आणि त्यांना पुढे फिटच्या गोळ्या लागत नाहीत.

आणखी एक घरगुती प्रकार म्हणजे पिसवांसाठी खोबरेल तेलात कापूर. कापूर कातडीतून आत जातो, चाटून पोटात जातो, आणि तो थेट मेंदूवर परिणाम करून झटके आणू शकतो. सर्दीचा बाम मांजराच्या छातीला चोळणं त्याच जातीचं. उंदराच्या औषधाचीही चौकशी करा. तुमचा बोका बाहेर जात नसला तरी सोसायटीने जिन्यात किंवा डक्टमध्ये औषध टाकलेलं असतं, आणि उंदीर घरात येतात. झिंक फॉस्फाइडमध्ये आधी उलट्या होतात आणि तोंडाला लसणीसारखा वास येतो. या सगळ्यांतलं काहीच तुमच्याकडे घडलेलं नसेल, तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा आणि मधे ठणठणीत असणाऱ्या मांजरात ती शक्यता कमीच आहे, पण विचारणं माझं काम.

मुलीबद्दल. फिट संसर्गाने येत नाही. तुमच्या मनातला प्रश्न बहुतेक रेबीजचा असणार, आणि भारतात तो विचारायलाच हवा. रेबीज झालेलं मांजर दिवसागणिक बिघडत जातं: स्वभाव पालटतो, अंगावर धावून येतं, आवाज बदलतो, गिळता येत नाही, पाय लुळे पडतात, आणि लक्षणं दिसल्यापासून साधारण दहा दिवसांत ते मरतं. दोन फिटच्या मधे तीन आठवडे नीट खाणारा, खेळणारा बोका त्यात बसत नाही. तरी त्याची रेबीजची लस चालू आहे का ते पाहा. आणि फिटनंतरच्या गोंधळात तो कुणाला चावला किंवा ओरबाडला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवून माणसांच्या डॉक्टरकडे जायचंच; लसीचं ते ठरवतील, शिवाय मांजराचा चावा फार लवकर पिकतो. बाहेर फिरणारं, लस न दिलेलं मांजर असं वागू लागलं तर हात न लावता खोलीत बंद करा आणि मग फोन करा.

कारण शोधताना पहिलं बघतो ते वय. पिल्लांत साखर उतरणं, जन्मजात यकृताच्या रक्तवाहिनीचा दोष, टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी आणि एफआयपी. एफआयपी हा मांजरांच्या कोरोना विषाणूचा आजार, आणि तो मेंदूत उतरला की काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही हात टेकायचो. आता जीएस-४४१५२४ या औषधाने त्यातली मांजरंही बरी होतात. नेहमीचा कोर्स ८४ दिवसांचा असतो आणि मेंदूच्या प्रकाराला मात्रा जास्त लागते. दहाच्या पुढच्या मांजरात रक्तदाब, मूत्रपिंडं, थायरॉइड आणि मेंदूच्या आवरणावरची गाठ. ही गाठ, मेनिंजिओमा, मांजरांत सगळ्यात जास्त आढळणारी मेंदूतली गाठ आहे आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेने निघते, म्हणून म्हाताऱ्या मांजराला पहिली फिट आली की ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये. मधुमेहाचं इन्सुलिन घेणाऱ्या मांजराला फिट आली तर साखर उतरली असं धरून चाला, झटका थांबल्यावर हिरड्यांना मध चोळा आणि निघा.

म्हाताऱ्या मांजरांत आणखी एक गंमतीदार वाटणारा, पण खरा प्रकार आहे: आवाजाने येणारी फिट. २०१५ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी अशा ९६ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अॅल्युमिनियम फॉइल चुरगळणं, चिनीमातीच्या वाडग्यात धातूचा चमचा पडणं, काचेवर टकटक, अशा किणकिणत्या आवाजांनी त्यांना झटके येत, आणि सुरुवातीचं सरासरी वय होतं १५. स्टीलच्या भांड्यांनी भरलेल्या आपल्या स्वयंपाकघरात असं मांजर असेल तर मालकाने ओट्याकडे कान द्यावा. तुमच्या साडेतीन वर्षांच्या बोक्याला हे लागू होण्याची शक्यता नाही.

आहाराचं विचारतो. कोकणात, गोव्यात आणि मासळी रोज येते अशा काही घरांत मांजर निव्वळ कच्च्या मासळीवर वाढतं. काही माशांत कच्चेपणी थायामिनेज नावाचं विकर असतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडतं. महिनोन्महिने तेच खाल्लं की मांजराची मान छातीकडे वाकते, बाहुल्या मोठ्या राहतात, चाल डळमळते आणि मग झटके येतात. वेळेत ब-१ची इंजेक्शनं दिली तर एक-दोन दिवसांत फरक दिसतो. फिटच्या दुनियेत इतकं स्वस्त आणि झटपट समाधान दुसरं नाही. मासा शिजवला की हे विकर मरतं. पण नुसता उकडलेला मासा आणि भात हाही मांजराचा पूर्ण आहार नव्हे, तेव्हा तयार संतुलित खाणं जोडीला ठेवा.

तुमच्या बोक्याच्या वयात, मधल्या काळात सगळं ठीक असताना, रक्त, साखर, यकृत-मूत्रपिंडं, लघवी, रक्तदाब आणि एफआयव्ही-ल्युकेमिया या मांजरांच्या दोन विषाणूंची चाचणी नॉर्मल आली आणि चाल, नजर, पंज्यांची जाण तपासून काही सापडलं नाही, तर ज्याचं कारण सापडत नाही असा अपस्मार, असं आम्ही धरतो. एमआरआयला भूल लागते, खर्च मोठा, आणि सोय मोजक्याच शहरांत. तपासणीत एका बाजूचा दोष दिसला, फिट वाढत गेल्या किंवा औषधाला दाद मिळाली नाही, तर मी एमआरआयसाठी आग्रह धरेन. नाहीतर आधी उपचार.

सहा महिन्यांत दोन किंवा जास्त फिट म्हणजे औषध सुरू करायची वेळ झाली. तुमची दोनाची अट पूर्ण झाली आहे, तेव्हा तपासण्यांत दुसरं कारण निघालं नाही तर मी थांबणार नाही. मांजरांसाठी पहिली पसंती फिनोबार्बिटोन. चार किलोच्या बोक्याला सुरुवातीला साधारण ३० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग, बारा-बारा तासांनी. नेमकी मात्रा तुमचे डॉक्टर वजनावर ठरवतील. पहिले दोन आठवडे तो झिंगल्यासारखा चालेल, खूप झोपेल, सारखं खायला मागेल. बघवत नाही, पण ते बहुतेक ओसरतं. दोन आठवड्यांनी रक्तातली औषधाची पातळी बघायची; एका मिलीमध्ये १५ ते ३० मायक्रोग्रॅमच्या आत असावी. पातळी न पाहता ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून बदलणं हा उतावीळपणा. फिनोबार्बिटोन पुरलं नाही किंवा सोसलं नाही तर लेव्हेटिरॅसिटाम. ते सौम्य आहे, पण साधं सिरप दर आठ तासांनी द्यावं लागतं, चवीने मांजर फेस काढतं, आणि नोकरी करणाऱ्या घराची दुपारची वेळ हमखास चुकते. कुत्र्यांना दिलं जाणारं पोटॅशियम ब्रोमाइड मांजराला नको; बऱ्याच मांजरांत त्याने दम्यासारखा खोकला सुरू होतो. पिसवांच्या गोळ्या किंवा ड्रॉप्स घेताना फिटचा इतिहास सांगा, कारण फ्लुरालेनरच्या कुळातल्या औषधांबाबत अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये झटक्यांचा इशारा दिला आहे.

जन्मभर का? काही मांजरांत वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ एकही फिट आली नाही तर मात्रा महिन्यांच्या हिशेबाने हळूहळू उतरवून पाहता येते, आणि काहींची गोळी सुटतेही. काहींची सुटत नाही, पण ती वर्षानुवर्षं छान जगतात. फिट एकदम शून्यावर येतीलच असं मी सांगणार नाही. महिन्याला असलेली फिट वर्षातून एक-दोनदा, तीही छोटी, इथवर आलो तरी मी समाधानी असतो. एक वही करा: तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी झोपलेला की जागा, नंतर किती वेळ गोंधळलेला, गोळी चुकली होती का.

चुकलेल्या गोळीबद्दल बजावून सांगतो. फिनोबार्बिटोन अचानक बंद केलं की आधीपेक्षा जोरदार, न थांबणारी फिट येऊ शकते. हे नियंत्रित औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक मेडिकलमध्ये असतंच असं नाही. तेव्हा पंधरा दिवसांचा साठा उरला की चिठ्ठी नवी करून घ्या, आणि गणपती-दिवाळीला गावी जाताना बोका ज्यांच्याकडे ठेवाल त्यांना गोळी नुसती देऊ नका, एकदा तुमच्यासमोर भरवायला लावा.